शहापूर-मुरबाडचे आदिवासी आणि स्थानिक धर्मप्रचारक

ख्रिस्ती धर्मप्रचारक म्हटला की परदेशातून आलेला, झगा घातलेला गोरा पाद्री डोळ्यांपुढे आणण्याची आपली सवय फार जुनी आहे. वस्तुस्थिती मात्र केव्हाच बदलली आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले. जे येथे होते ते वयपरत्वे निवृत्त झाले किंवा मायदेशी परतले, आणि प्रचाराची सूत्रे क्रमाक्रमाने देशी माणसांच्या हाती गेली. आज पाड्यावर जाणारा प्रचारक बहुधा याच देशातील, पुष्कळदा याच राज्यातील आणि कधीकधी शेजारच्या गावचाच असतो. अशा स्थानिक माणसांना थोडक्या मुदतीचे शिक्षण देऊन निरनिराळ्या जातिजमातींत पाठविणे, ही आता धर्मप्रचाराची एक प्रमुख रीत होऊन बसली आहे. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके अशा प्रयत्नांचे क्षेत्र ठरावेत, यात आश्चर्य नाही.

या विषयावर आपल्याकडे दोनच भूमिका ऐकू येतात. प्रचारक म्हणजे संकट, त्याला पाड्याच्या वेशीवरच अडवावे, ही एक. धर्मस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क आहे, तेव्हा प्रचारकाला कोणी काही विचारूच नये, ही दुसरी. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. कारण दोन्हींमुळे खरा प्रश्न टळतो. हा प्रचारक कसा घडविला जातो? ज्यांच्याकडे तो जाणार त्यांच्याविषयी त्याला काय शिकविले जाते? आणि ज्याच्या दारी तो उभा राहणार आहे, त्या कातकऱ्याला वा ठाकराला मोकळेपणाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता यावे एवढी त्याची स्थिती आहे काय? विचार व्हावयास हवा तो या प्रश्नांचा.

प्रथम या भूमीकडे पाहावे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जो मोठा आदिवासी प्रदेश उरला, तो मुख्यतः शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत आहे. म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा जमाती येथे राहतात. त्यांच्या जोडीला कुणबी, आगरी, बौद्ध आणि मुसलमान यांचीही वस्ती आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले हे पाडे बाहेरून पाहणाऱ्यास सारखेच वाटतात. परंतु शेती असलेला महादेव कोळी आणि भूमिहीन कातकरी यांच्यातील अंतर केवळ नावाचे नाही. बोली वेगळी, देव वेगळे, लग्नाच्या चाली वेगळ्या आणि एकमेकांच्या घरी जेवण्याविषयीचे संकेतही वेगळे. कातकरी हा तर शासनाने विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहे. इतर दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

धर्मप्रचाराच्या परिभाषेत अशा समाजांना ‘जेथवर सुवार्ता पोहोचलेली नाही असे लोक’ म्हटले जाते. या कल्पनेचा इतिहास उद्बोधक आहे, आणि तिची काही मुळे आपल्याच देशात आहेत. दमोह येथे १८९७ मध्ये जन्मलेला अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन याने मध्य भारतात दीर्घकाळ काम केले. एकेकट्या माणसाला त्याच्या जातीतून तोडून धर्मात आणण्याऐवजी, नात्यागोत्याच्या दुव्यांवरून संपूर्ण समूहापर्यंत जावे, असा सिद्धांत त्याने १९५५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक धर्मप्रचार परिषदेत राल्फ विंटर याने असे प्रतिपादन केले की, देशांची गणती पुरेशी नाही. प्रत्येक देशात भाषा, जात आणि रूढी यांमुळे वेगळे राहिलेले असंख्य समूह आहेत आणि त्यांतील प्रत्येकाकडे स्वतंत्रपणे गेले पाहिजे. तेव्हापासून जातिजमातींच्या याद्या आणि नकाशे करण्याचा उद्योग सुरू झाला.

या दृष्टीत एक गुण आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. आदिवासी म्हणजे एकजिनसी लोंढा नव्हे, हे तिने ओळखले. आपल्या सरकारी कचेऱ्यांना आणि शहरी सुशिक्षितांना अद्यापही कातकरी व ठाकर यांतील भेद सांगावा लागतो. परंतु तिचा दोषही तेवढाच मोठा आहे. यादीत एकदा नाव गेले की माणूस मागे पडतो आणि आकडा पुढे येतो. किती पाड्यांत प्रवेश झाला आणि किती बाकी आहेत, असा हिशेब होऊ लागला म्हणजे धर्माची भाषाही मोहिमेची भाषा होते. शिवाय, ‘न पोहोचलेले’ हा शब्द शहापूर-मुरबाडच्या संदर्भात विचित्र वाटतो. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले तेव्हापासून मुंबईची तहान शहापूर तालुका भागवीत आला आहे. पुढे मोडकसागर आणि भातसा यांचीही त्यात भर पडली. एकोणिसाव्या शतकात आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली आणि थळ घाट चढून गेली. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवले. म्हणजे महानगर येथे पोहोचले, ठेकेदार पोहोचला, सावकार आणि वीटभट्टीवाला तर फार पूर्वीच पोहोचला. राहिले ते पाड्यावरच्या हंड्यात पाणी पोहोचावयाचे. धरणांच्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांच्या रांगा लागतात, ही गोष्ट कोणत्याही प्रचारकाच्या शिक्षणात पहिल्या पाठात आली पाहिजे.

स्थानिक प्रचारक घडविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. सोळाव्या शतकात गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला त्याने पुराणच दिले. याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला, कोकणी जिवंत राहिली आणि स्टीफन्सच्या ओव्याही राहिल्या. वसईची गोष्टही अशीच आहे. तेथे सत्तेच्या बळावर धर्म वाढला हे खरे. परंतु चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर ती सत्ता गेली, युरोपीय पाद्रीही गेले. जे ख्रिस्ती राहिले त्यांना देशी धर्मगुरूंनी सांभाळले, आणि त्यांच्या घरांत आजही सामवेदी, वाडवळी यांसारख्या मराठीच्या बोली नांदत आहेत. सत्तेने आलेले सत्तेबरोबर गेले. लोकांच्या भाषेत आणि जीवनात मिसळले तेवढेच टिकले.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी शिकून घेतली, उत्तर कोकणात प्रवास केला आणि वारली व कातोडी या वन्य जमातींविषयीचा त्यांचा निबंध १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या विद्वानांचे लक्ष या जमातींकडे जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे एका पाद्र्याने त्यांची विचारपूस केली होती, ही गोष्ट आपल्याला खाली पाहावयास लावणारी आहे. तथापि विल्सन यांची दृष्टीही वरून खाली पाहणाऱ्याचीच होती. देशी माणसाने देशी माणसाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे, ही जाणीव पुढे आली ती नंतर.

तिचे दोन ठळक टप्पे सांगता येतील. २५ डिसेंबर १९०५ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्थाही भारतीय, हे तिचे सूत्र होते. तिचे चिटणीस व्ही. एस. अझरिया यांनी १९१० च्या एडिंबरो परिषदेत मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की, आपला त्याग आम्ही जाणतो, पण आम्हांला हवी आहे ती मैत्री. दुसरा टप्पा आपल्या रेव्हरंड टिळकांचा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या वेळच्या अहमदनगरात त्यांनी धर्मोपदेशकांना शिकविले, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. परंतु मिशनच्या चौकटीत देशी माणूस पगारी नोकरच राहतो, हे शल्य त्यांच्या मनात होते. अखेर १९१७ मध्ये ते अमेरिकन मिशनच्या नोकरीतून मुक्त झाले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत असे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर पडले. या सर्वांमागे एक समान धागा आहे. धर्म सांगावयाचा तर ऐकणाऱ्याची भाषा, त्याचे शहाणपण आणि त्याचा स्वाभिमान यांना मान दिला पाहिजे, हे या मंडळींनी जाणले होते.

आजच्या प्रचारकाच्या शिक्षणास हीच कसोटी लावली पाहिजे. केवळ शहापूरचा रहिवासी असणे म्हणजे स्थानिक असणे नव्हे. कल्याणच्या वसाहतीत वाढलेला तरुण पुस्तकी मराठीत बोलू लागला, तर डोळखांबच्या वा टोकावड्याच्या बाजूच्या कातकरणीला तो मुंबईच्या साहेबाइतकाच परका वाटेल. याच्या उलट, शेजारच्या पाड्यावरचा असूनही जो आपल्या भाऊबंदांच्या देवांची टवाळी करावयास शिकून आला, तो जन्माने स्थानिक पण वृत्तीने परकाच म्हणावा लागेल. वाघदेवापुढे नारळ फोडणारा माणूस अडाणी आहे म्हणून फोडीत नाही. रानात जगताना रानाशी करावयाचा तो एक करार असतो. तो समजून घेतल्याशिवाय त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. जव्हार असो वा मुरबाड, सण, नाच, मर्तिक आणि गावदेवाची वर्गणी यांनी पाडा एकत्र बांधलेला असतो. एका घराने त्यातून अंग काढले की वाद उभा राहतो, आणि मृत्यू झाला तर पुरावयाचे कोठे येथपर्यंत तो जातो. प्रचारक पुढच्या गावी निघून जातो. शेजाऱ्यांशी राहावयाचे असते त्या घराला. याचा विचार ज्या शिक्षणात नाही ते अपुरे आहे. त्याचबरोबर, वेगळी श्रद्धा स्वीकारली म्हणून एखाद्या कुटुंबाचे पाणी तोडणे वा त्याला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे गावाच्या पुढाऱ्यांनीही विसरता कामा नये.

दुसरी कसोटी आजाराची. पाड्यांवर नव्या श्रद्धेचा प्रवेश पुष्कळदा दुखण्याच्या वाटेने होतो. भगताकडे जाऊन कोंबडी गेली, बकरे गेले, गुण आला नाही. मग कोणी प्रार्थना करतो आणि रोग्याला बरे वाटते. प्रार्थनेने मनाला धीर येतो, याला कोणाची हरकत नसावी. परंतु सर्पदंश झालेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याआधी प्रार्थनेसाठी बसवून ठेवणे हा मंत्रतंत्र करणाऱ्या भगताइतकाच घोर अपराध आहे. कुत्रा, साप वा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपाय करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय ठरविले आहे, आणि तो कायदा भगताचा धर्म पाहत नाही तसा प्रचारकाचाही पाहत नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग प्रार्थना, हा क्रम प्रत्येक प्रचारकाच्या मनावर बिंबविला गेला पाहिजे.

तिसरी कसोटी कायद्याची आणि संमतीची. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. प्रसार या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केला. आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगण्याचा हक्क आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क मात्र त्यात नाही, असा तो निर्णय आहे. या भेदाचे मर्म असे की, निर्णयाची मालकी ऐकणाऱ्याची आहे, सांगणाऱ्याची नव्हे. मग औषध, धान्य, वसतिगृहातील जागा वा फीची सवलत यांचा श्रद्धेशी दुरान्वयानेही संबंध जोडणे ही या मालकीची चोरी ठरते. मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा मिशनऱ्यांच्या आश्रयास गेलेला त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. पुढची कथा आपल्या समाजाला आरसा दाखविणारी आहे. त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच रोष धरला. एका बाजूने कोवळ्या मुलाला ओढून घेण्याची घाई आणि दुसऱ्या बाजूने परतीचे दार लावून घेण्याची हौस, या दोन्ही वृत्ती आजही नाहीशा झालेल्या नाहीत.

आदिवासींच्या सवलतींविषयीही दोन्ही बाजूंनी गैरसमज पसरविले जातात. अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत तशी अट नाही. ती असावी की नसावी, यावर गेली कित्येक दशके वाद चालू आहे. तो वाद संसदेत व्हावा. परंतु पाड्यावरच्या माणसाला प्रचारकाने खोटी आशा दाखवू नये आणि विरोधकाने खोटी भीती घालू नये.

मराठी माणसाला धर्मांतराची चर्चा नवीन नाही, आणि ती करण्याची एक थोर परंपरा त्याच्यामागे आहे. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झाले. हजारोंच्या देखत युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर दिले गेले. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या शाळा पाहून त्यांनी मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा घेतली. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरास दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासात, तुलनेत आणि विचारात गेली. ज्याला विचार करण्यास वेळ, शिक्षण आणि पोटाची थोडी निश्चिंती आहे, त्याने धर्म बदलला वा न बदलला, दोन्ही निर्णयांना प्रतिष्ठा असते. दिवाळीनंतर आगाऊ उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडी रिकाम्या हाताने परतणाऱ्या कातकऱ्याजवळ यांतले काय आहे? त्याचा ‘हो’ विकत घेणे जितके सोपे, तितकेच त्याचा ‘नाही’ धाकाने मिळविणेही सोपे.

यास्तव या प्रश्नाचा शेवट प्रचारकापाशी होत नाही. ठाणे जिल्ह्यातच याची उदाहरणे घडलेली आहेत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन झाले, आणि तेथून परतलेल्या वारल्यांना बरोबर घेऊन गोदावरी व शामराव परुळेकर यांनी वेठबिगारी मोडून काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीहून कोसबाडला जाऊन कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या मागे नेली. यांपैकी कोणी पाड्यावरच्या माणसाच्या कपाळी आपली खूण उमटविण्यासाठी गेले नव्हते. त्याने ताठ उभे राहावे, एवढ्यासाठी ते गेले. ख्रिस्तसेवा संघातून आलेला व्हेरिअर एल्विन आणि त्याचा मराठी सहकारी शामराव हिवाळे १९३२ मध्ये गोंडांत राहावयास गेले. लोकांकडून शिकता शिकता एल्विन चर्चपासून दूर झाला, पण गोंडांपासून दूर झाला नाही.

स्थानिक प्रचारक घडविणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात पवित्र ग्रंथाबरोबर पाड्याची बोली, वनहक्क कायदा, वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आणि दवाखान्याची वाट यांचाही समावेश करा. आणि त्याचे यश बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवर मोजू नका. ज्या घराने त्याचे ऐकून घेतले आणि नम्रपणे नकार दिला, त्या घरी तो पुन्हा गेला काय, आजारात धावला काय, ही त्याची खरी परीक्षा आहे. आणि जे प्रचारकावर संतापतात त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. आश्रमशाळेत शिक्षक हजर असतो काय, तहसील कचेरीत कातकऱ्याला जातीचा दाखला मिळण्यास किती खेपा पडतात, भट्टीवर गेलेल्या मुलाचे नाव पटावरून निघाले तेव्हा कोणाला त्याची आठवण झाली? ही कामे करणारी माणसे शिक्षक आहेत, कारकून आहेत, उद्या त्या खुर्च्यांवर बसणारे विद्यार्थी आहेत. दाखला वेळेवर हाती पडला, शाळा खरोखर भरली आणि नळाला पाणी आले, तर त्या पाड्यावर येणाऱ्या कोणत्याही धर्माच्या उपदेशकाचे कातकरी शांतपणे ऐकून घेईल आणि पटेल ते आपल्या बुद्धीने ठरवील. तेवढी मोकळीक त्याला मिळवून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे, आणि ते करण्यास कोणाचाही धर्म आड येत नाही.